फोटोबाबाचा पांढरा डाग

"बघा, डोळे भरून बघा!"

फोटोबाबांनी छातीचा एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला आणि सभागृहातली कुजबुज थांबली. उजव्या फुप्फुसावर लिंबाएवढा पांढराशुभ्र डाग होता.

"हा आमच्या लेपाने ओढून वर आणलेला रोग. आणि हा आजचा फोटो!" दुसरी फिल्म लागली. डाग गायब. "मी म्हणत नाही हो, मशीन म्हणतंय! मशीनला कुणी भुरळ घालतं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती छाती माझ्या मोठ्या नणंदेची होती. ताई पहिल्या रांगेत बसून रडत होत्या आणि त्यांच्या मांडीवरची माझी लेक, सगळे वाजवतात म्हणून, हात उंचावून टाळ्या वाजवत होती.

मी एक्स-रे वाचायला शिकणारी डॉक्टर. दिवसभर इस्पितळात असते, आणि लेकीला ताई सांभाळतात. खाऊ त्याच घालतात, झोपवतात त्याच. गेले कित्येक आठवडे त्यांचा खोकला हटत नव्हता. "चला, तपासून घेऊ," म्हटलं की त्या लगेच भांडी घासायला बसायच्या. त्यांना भीती वाटत होती. आणि बाबांकडे भीती वाटायला जागाच नव्हती. आधी पाठीला सुगंधी लेप लावायचा, म्हणजे रोग 'वर येतो'. मग शेजारच्याच दुकानात फोटो काढायचा. मग प्रार्थना, आंघोळ, आणि दुसरा फोटो.

"आता तरी तुझं तपासणीचं टुमणं बंद कर," घरी येताना ताई म्हणाल्या. "आणि हे फोटो ने. दाखव तुझ्या मॅडमना! डोळे उघडतील त्यांचे."

मग त्या खोकल्या. लेकीच्या जावळात तोंड खुपसून.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही पाठीमागे 'का-बाई' म्हणतो. आम्ही काहीही सांगितलं की त्यांचं पहिलं उत्तर "का?" दुसऱ्या दिवशी मी पहिली फिल्म वर्गात लावली.

"गाठ!" वर्गातला उतावळा ओरडला.

"रोगाचं नाव घेऊ नकोस. चोरी झालेल्या घरात शिरल्या शिरल्या चोराचं नाव सांगतात का? आधी खोली बघ. काय दिसतंय?"

"पांढरा डाग."

"किती पांढरा?"

तो पुढे वाकला. "बरगड्यांपेक्षाही पांढरा. म्हणजे... हाडापेक्षा घट्ट?"

"मऊ फुप्फुसात? बरं. डागाची खालची कड बघा."

डागाला एक बारीक शेपूट होतं. ते सरळ खाली उतरत फुप्फुस ओलांडून पोटापर्यंत गेलं होतं.

"फुप्फुस तर वरच संपलं," मी म्हणाले. "मग हे पुढे कसं गेलं?"

"तूच सांग. उभ्या माणसाच्या अंगावरून सरळ खाली काय जातं?"

मग मला एकदम हसू फुटलं. "ओघळ! मॅडम, हा ओघळ आहे. हे छातीत नाहीच, पाठीवर आहे!"

"एका फोटोत पुढचं आणि मागचं एकावर एक पडतं," का-बाई म्हणाल्या. "कातडीवरचंही आतलं वाटतं. पण हा तर्क झाला. पुरावा?"

पुरावा ताईंच्या कपाटात होता. उरलेला लेप त्यांनी डबीत जपून ठेवला होता. डबीसकट मी त्यांना इस्पितळात घेऊन आले. "या एकदा, बाबांची परीक्षाच घेऊ," म्हटल्यावर त्या ताठ मानेने आल्या.

का-बाईंनी पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवली आणि फोटो काढला. मग ताईंच्याच हाताने बाटलीवर लेप थापला आणि पुन्हा काढला. पडद्यावर बाटलीच्या मधोमध लिंबाएवढा पांढराशुभ्र डाग उमटला.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "बाटलीला रोग झाला?"

उतावळ्याने ओल्या फडक्याने लेप पुसला. तिसऱ्या फोटोत डाग नव्हता.

"बरी झाली! बोला, बाटलीबाईंसाठी टाळ्या!" तो ओरडला.

"लेपात बहुतेक बेरियम असणार," का-बाईंनी समजावलं. "पोटाच्या तपासणीआधी आपण रुग्णाला जो पांढरा घोळ पाजतो, त्यातलं. एक्स-रे त्यातून पलीकडे जात नाहीत. लावला की रोग, धुतला की चमत्कार."

ताई खुर्चीत बसल्या. संताप आणि सुटका एकदमच त्यांच्या चेहऱ्यावर आली. "मेल्याने मला रडवलं गं. म्हणजे मला काही नव्हतंच?"

"काहीच नव्हतं!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. मी तर त्यांना मिठीच मारली.

"का?" का-बाईंनी विचारलं.

आम्ही वळून बघितलं. त्यांनी दुसरी फिल्म लावली होती, बाबांची 'स्वच्छ' फिल्म. "खोटा डाग सापडला म्हणून शोध संपला? ही कुणी नीट बघितली?"

कुणीच नाही. डाग गेलेला दिसला, एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं.

"डाव्या बाजूचं गळ्याखालचं हाड. हाडाच्या मागे. उजव्या बाजूशी ताडून बघा."

उजवीकडे काळोख होता. डावीकडे हाडाच्या आड एक धुरकट पुंजका होता. मी पहिली फिल्म शेजारी लावली. तिच्यातही तो होता. पांढऱ्या डागाच्या झगमगाटात तो कुणाला दिसला नव्हता, ना सभागृहाला ना आम्हाला. भरल्या सभेने टाळ्या वाजवल्या त्या या फोटोवर.

थुंकीच्या तपासणीने नक्की झालं. क्षय. औषधांनी बरा होणारा, आणि घरात पसरणारा. लेकीचीही तपासणी झाली. तिला रोग नाही, पण खबरदारीचं औषध सुरू आहे. रोज ती तोंड घट्ट मिटते, मी पाजते, आणि रोज मला तो तिच्या जावळातला खोकला आठवतो.

ताई सध्या वेगळ्या खोलीत राहतात, तोंडाला मास्क लावून. लेक दारावर थापा मारते, "आत्तू, आत्तू". आतून त्या गाणं म्हणतात, दार उघडत नाहीत.

आम्ही तक्रार केली आहे. एक्स-रेच्या दुकानाला कुलूप लागलं. बाबांचा फलक मात्र दुसऱ्या रस्त्यावर दिसला, आणि तिथेही गर्दी होती. लेपाने कुणी मरत नाही. आपण बरे झालो या समजुतीने औषध न घेता घरी जाणारा माणूस मरतो, आणि कधीकधी मांडीवरच्या लेकराला रोग देऊन जातो.

म्हणून सांगते, 'आधीचा' आणि 'नंतरचा' फोटो कुणी नाचवला, तर एवढंच विचारा की लेप लावण्याच्याही आधीचा फोटो कुठे आहे. आणि फसवणूक पकडल्याच्या आनंदात थांबू नका. खोकला खराच असतो. त्याचं कारण शोधायचं उरलेलंच असतं.

काल शेजारीण बाबांकडे निघाली होती. ताईंनी खिडकीतूनच तिला हटकलं.

"जा की, मी कुठे अडवतेय? पण आधी आमच्या हिच्या इस्पितळात कोरड्या पाठीने फोटो काढून घे."

शेजारीण थबकली. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "किती वाजता येऊ?"