सूतभर सैल

"ही दुसरी जर्सी कुणाची गं?" ताईने विचारलं, आणि भावजयीला एकाएकी कमी ऐकू यायला लागलं.

संघ दोघांचाच, म्हणून जर्सी दोन होत्या. एक भावाच्या अंगात, दुसरी भावजयीच्या भावाच्या अंगात. आणि ती त्याला अशी चपखल बसली होती की आयत्या वेळी कुणाची उसनी घातलीय म्हणायची सोय नव्हती. खांदे मोजून शिवलेली होती. शिवण कळणाऱ्या बाईपुढे असला कारभार करू नये.

मैदानात सिमेंटचा गोल होता. त्या गोलाच्या मधोमध हातात तारा धरून भाऊ उभा राहायचा, आणि तारांच्या टोकाला हातभर लांबीचं विमान भिरभिरायचं. तीन विमानं एकाच वेळी शर्यतीला. इंधन मधेच संपायचं, विमान उतरायचं. कडेला उभ्या माणसाने ते झेलायचं, इंधन भरायचं, पंख्याला बोटाने झटका देऊन इंजिन चालू करायचं नि पुन्हा सोडून द्यायचं. ही कडेची जागा ताईची. भावाला मिसरूड फुटलं तेव्हापासून ताईचीच. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पंख्याने केलेले वळ अंगठीसारखे मिरवायचे.

"ताई, ऐक ना," भाऊ जवळ आला. "इंजिन तूच लावून द्यायचं. झेलायला फक्त हा थांबेल. तुला वाकायला त्रास होतो हल्ली."

"मला होतो नि कळतं तुला? बरंय. नाव कधी दिलंस याचं?"

भाऊ बुटाकडे बघायला लागला.

"कधी दिलंस, विचारतेय."

"थंडी पडायच्या आधी."

थंडी पडायच्या आधी! म्हणजे हे नवं इंजिन घरात यायच्याही आधी. अंगठ्याएवढं डिझेल इंजिन ते. त्याला ठिणगी नाही, बॅटरी नाही, नुसत्या दाबावर पेट घेणारं. नवं असताना ते हटवादी असतं. जास्त एरंडेल घालून, हळू चालवून चालवून मुरवावं लागतं. अख्खी थंडी ताई मागच्या गॅलरीत बसली होती. रॉकेल, ईथर, एरंडेल. जेवायला बसली तरी हाताला तोच वास. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे काय विमानतळ काढलाय का?" ताई म्हणायची, "हो, तुम्हाला कुठे सोडू सांगा." आणि भाऊ रोज येऊन विचारायचा, "झालं का गं तयार आपलं?"

आपलं, म्हणे.

"तू रागावशील म्हणून बोललो नाही," भाऊ म्हणाला.

"खोटं नको बोलूस. इंजिन अर्धवट राहील म्हणून बोलला नाहीस."

भावजय मधे पडली. "वन्सं, घरातलंच माणूस आहे ना तो?"

"आहे तर. मीच बाहेरची झाले, त्याला तुम्ही काय करणार."

बोलून झालं तसा ताईने पदर खोचला नि इंजिनापुढे बसली. दुसरी असती तर उठून घरी गेली असती. पण इंजिनाने तिचं काय घोडं मारलं होतं? तिने इंधन पाजलं, झटका दिला. तिसऱ्या झटक्याला इंजिन किंचाळलं. इंजिनाच्या डोक्यावर एक आडवी दांडी असते. पिळली की दाब वाढतो, सोडली की उतरतो. ताईने दांडी पिळली, आवाज गोल झाला, एकसुरी. आणि मग तिने ती सूतभर सैल सोडली. इंजिन मधूनच अडखळायला लागलं.

"जमिनीवर हे असं खोकणार," तिने भावाच्या मेहुण्याला सांगितलं. त्याच्याशी तिचं वैर नव्हतं. "खोकू दे. हवेत तापलं की दाब आपोआप चढतो, मग गायला लागतं. या दांडीला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो ताई."

ती उठून प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे गेली.

शर्यतीआधी इंजिनं गरम करून घ्यायची मुभा असते. तिघांची सुरू झाली. दोघांची सणसणत होती, भावाचं खोकत होतं. आता भाऊ आयुष्यभर उभा राहिला मधोमध, तारा धरून. जमिनीवरचं इंजिन कसं बोलतं हे त्याने जवळून कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायला ताई होती. तो धावत कडेला आला.

"अडखळतंय हे! आवळ दांडी!"

"पण ताई म्हणाल्या हात नको..."

"रागात आहे ती! मुद्दाम सैल ठेवलंय तिने. आवळ सांगतो ना!"

इंजिनांच्या वरताण ओरडला तो. दोरीशी उभ्या चार माणसांनीही ऐकलं.

ताईने हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भावाने वळून बघितलं. गर्दीत कुणी अंगाला घासून गेलं की माणूस खिसा चाचपतो नि मग त्याच्याकडे बघतो, तसं बघितलं. ताईचं तोंड आपोआप मिटलं. जर्सी तिने गिळली असती. माणूस हावरा असतो, बायकोच्या शब्दात असतो, एक वेळ समजून घेता येतं. पण ताई इंजिन बिघडवेल? ताई?

मेहुण्याने दांडी आवळली. आवाज गोल झाला. भाऊ खूश होऊन मधे जाऊन उभा राहिला.

निशाण पडलं. पहिले काही फेरे भावाचं विमान सगळ्यांच्या पुढे होतं. भावजय टाळ्या पिटत होती. मग आवाज जड झाला, चढावर ओझं ओढणाऱ्या माणसासारखा. नळीतून काळपट तेल उडायला लागलं. पुढच्या फेऱ्यात इंजिन बसलं. विमान मुक्याने घरंगळत खाली आलं. मेहुणा धावला, झेललं त्याने नीट, इंधनही भरलं. पण पंखा फिरेना. झटके देऊन देऊन त्याचं बोट फुटलं. बाकीची दोन विमानं डोक्यावरून जात राहिली.

शर्यत संपल्यावर भाऊ विमान घेऊन दोरीपाशी आला. इंजिन अजून चटका बसण्याइतकं गरम होतं; फडक्यात धरलं होतं त्याने.

"ताई," तो म्हणाला, "बघतेस का जरा? आतला दांडा वाकला असेल. तुझ्या हाताने होईल नीट."

"होईल."

"मला वाटलं, तू..."

"तुला काय वाटलं ते सगळ्या मैदानाने ऐकलं. मला वेगळं सांगायला नको."

"चुकलं माझं. पुढल्या वेळी तूच थांब कडेला. याला मी सांगतो."

त्याने फडकं पुढे केलं. ताईने ते घेतलं नाही. त्याचे हात तसेच पुढे राहिले.

ती वळली आणि प्रेक्षकांच्या बाकांकडे गेली. एका बाईने पिशवी उचलून तिला जागा करून दिली. इतक्या वर्षांत या बाकावर ती कधी बसली नव्हती. गोलात पुढची शर्यत सुरू झाली होती. ताईने सवयीने मान तिरकी करून कान दिला. पण इतक्या लांबून कुठलं इंजिन कुणाचं, काही कळत नव्हतं.

"तुमचं कुणी आहे का यात?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली, आणि पदर सारखा करून बघत बसली.