धंद्याची बातमी

भिंगरीनं वायर खोचली आणि स्पीकरमधून असा खर्रकन आवाज निघाला, की स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अगं बाई, काय फोडलंत?"

"काही नाही काकू, वायर सैल आहे."

"ती वायर माझ्या लग्नापासूनची आहे. बदला, बदला, सांगून माझे दात पडायची वेळ आली."

मास्तर हसले. ते आपल्या हातांच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर स्वतः लिहिलेल्या सुरावटीचे कागद, कानावर पेन्सिल. भिंगरी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला, पाठ नसलेल्या स्टुलावर बसली. शिकाऊ म्हणून पहिल्यांदा इथं बसली तेव्हा ती इतकी चुळबुळत होती, की मास्तरांनी तासाभरात तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता तिची मुलगी तिच्या खांद्याला लागली, तरी नाव काही सुटलं नव्हतं. खोलीचं दार सताड उघडं होतं. काकू ते कधी लावूच देत नसत. तुमचं वाजवणं कानावर नसलं की माझं मीठ चुकतं, म्हणायच्या.

"हं, बातम्या दे," मास्तर म्हणाले. "आधी घरच्या, मग धंद्याच्या."

हा त्यांचा जुना शिरस्ता. कुणाला सिनेमा मिळाला, कुणाचा गेला, कोण कुणाची चाल ढापून मिरवतोय, हे ऐकायला ते टपलेले असत. पण आधी घर. ज्याचं घर धड नाही त्याचा ताल धड राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भिंगरीनं घरच्या बातम्या जितक्या ओढता येतील तितक्या ओढल्या. मुलीला चष्मा लागला. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं व्यायाम सुरू केला आणि आठवडा व्हायच्या आत कंबर धरून बसला. वरच्या मजल्यावर ड्रम शिकणारा एक प्राणी राहायला आलाय, त्याला ताल आणि माणुसकी दोन्हीचं वावडं आहे. मास्तर पोट धरधरून हसले. त्यांना असं हसताना बघून तिनं ड्रमवाल्याची आणखी एक गोष्ट जोडली.

कारण धंद्याची बातमी एकच होती आणि ती सांगायची तिची छाती होत नव्हती. मास्तरांच्या मांडीवर ज्या सिनेमाचं संगीत होतं, तो सिनेमा आता मास्तरांचा राहिला नव्हता. तो तिचा झाला होता.

दिग्दर्शकानं तिला बोलावून घेतलं होतं. मास्तर थोर आहेत, प्रश्नच नाही, पण हे जमत नाहीये, तू कर, म्हणाला. मास्तरांना सांगितलंत का, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही सांगतो ना. तोवर तू बोलू नकोस." मग ते आज-उद्यावर गेलं. उलट मास्तरांना निरोप येत राहिले, छान चाललंय, पाठवत राहा. वाईटपणा घ्यायला कुणीच तयार नव्हतं. आणि भिंगरी? आयुष्यभर तिनं जाहिरातींना चाली लावल्या, दुसऱ्यांच्या सिनेमांची उरलीसुरली कामं उपसली, आणि नाव आलंच तर शेवटी, थिएटर रिकामं झाल्यावर, मुंगीच्या अक्षरात. पहिल्यांदाच कुणी अख्खा सिनेमा तिच्या हाती देत होतं. आपण नाही म्हटलं तरी मास्तरांना तो परत थोडाच मिळणार होता? दुसरा कुणीतरी उचलून नेणार. हे तिनं स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं, की आता ते खरंही वाटत नव्हतं आणि खोटंही. तिनं सही केली होती.

आज काही झालं तरी सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. जिना चढताना सगळं बोलणं दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण दारातच काकूंनी गाठलं.

"तू येतेस ते बरं करतेस गं," त्या हळूच म्हणाल्या होत्या. "मधे काम नव्हतं तेव्हा नुसते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. या सिनेमानं माणूस उठून बसलाय. काल दाढी करताना गुणगुणत होते. मी तर बहिणीला सांगून ठेवलंय, पहिल्या खेळाला दोघी जाणार."

झालं. जिन्यातलं बोलणं तिथंच, चपलांपाशी राहिलं.

"घरच्या झाल्या," मास्तर म्हणाले. "आता धंद्याच्या."

"विशेष काही नाही. टूथपेस्टची एक जाहिरात आहे."

"पुन्हा टूथपेस्ट? लोकांना दात आहेत म्हणून तुझी चूल पेटतेय बघ." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "धीर सोडू नको. तुझा सिनेमा येईल. माझ्यामागं हीच, असं मी चार लोकांत सांगून ठेवलंय."

तेवढ्यात वाजवायच्या कीबोर्डच्या कडेला ठेवलेला तिचा फोन थरथरला. दिग्दर्शकाचं नाव. तिनं तो झटकन पालथा घातला.

"घे की."

"कर्जवाले आहेत. हवंय का, हवंय का, करून जीव खातात."

मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीवर चापट्या मारत होते. "हा डबा पुन्हा गोठला. तुझ्या लॅपटॉपवर लाव बरं तो दाराचा प्रसंग. मागं पाठवला होता ना मी तुला? चित्रासोबत वाजवून बघू."

तो प्रसंग असा होता. थोरली बहीण घर सोडून निघते. धाकटी तिला अडवत नाही. दार बंद होतं, आणि मग कॅमेरा त्या बंद दारावर थांबून राहतो, चांगला ऐसपैस. त्या बंद दारासाठी मास्तरांनी चेलोची, त्या खर्जातल्या थोरल्या व्हायोलिनची, एक चाल लिहिली होती. सगळ्या सिनेमात त्यांचा जीव कशात असेल तर त्या चालीत.

भिंगरीनं लॅपटॉप उघडला. या धंद्यात 'शेवटचं' अशा नावाच्या फायलीनंतर निदान चार फायली येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्याकडंही होत्या, 'शेवटचं', 'शेवटचं नक्की', 'शेवटचं नक्की आता बास'. त्यांतली मास्तरांनी पाठवलेली कुठली आणि दिग्दर्शकाकडून आलेली कुठली, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण फोन पुन्हा थरथरायला लागला. तिनं एका हातानं तो दाबला, दुसऱ्या हातानं घाईघाईत फाईल उघडली आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

चित्र सुरू झालं. मास्तर पेन्सिलीनं हवेत ताल धरत होते. थोरलीनं बॅग उचलली. धाकटी भिंतीला टेकून उभी. दार लागलं. मास्तरांनी पेन्सिल खाली आणून खूण केली आणि भिंगरीनं चेलोची चाल धरली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत पडद्यावरचं दार गेलं. रस्ता आला, गाड्या आल्या, आणि बॅग घेऊन थोरली फुटपाथवर उभी.

फाईल चुकली, हे भिंगरीला कळलं. बोटं मात्र वाजवतच राहिली, भर रहदारीत ती दाराची चाल.

मास्तरांची पेन्सिल हवेतच थांबली. "थांब. मागं घे."

"मास्तर, ती..."

"मागं घे म्हणतो ना."

तिनं मागं घेतलं. दार लागलं आणि लगेच रस्ता आला.

"माझं दार कुठं गेलं?"

आत काकू भांडी विसळत होत्या. नळाचा आवाज तेवढा येत होता. सिनेमा नव्यानं कापला, जोडला, की पहिल्यांदा कुणाच्या हातात जातो, हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. तो संगीतकाराकडं जातो. संगीतकाराच्या हाताखालच्या माणसाकडं जात नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे मागच्या खेपेला तू इथं बसून माझ्या चुका काढून दिल्यास, तेव्हा..."

"हो."

"मी वेड्यासारखा पानांवर पानं काळी करतोय, आणि तू शेजारी बसून ती उलटून देतेयस."

"ते म्हणाले होते, आम्ही सांगतो."

"ते गेले खड्ड्यात. ते माझे कोण लागतात? मी तुझ्याबद्दल बोलतोय."

आतला नळ बंद झाला.

भिंगरीला रडू फुटत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, असं ते म्हणाले असते तर एक वेळ बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली आणि ते कागद एकावर एक नीट लावत बसले.

"माझं काय चुकलं म्हणाले?" कडा जुळवता जुळवता त्यांनी विचारलं.

"जाऊ दे ना, मास्तर."

"सांग. खोटं पुष्कळ सांगून झालंय तुझं."

"म्हणाले, दार लागायच्या आधीच तुम्ही लोकांना रडायला सांगता."

"वाजव," मास्तर म्हणाले. "तू काय केलंयस ते. माझ्या जागी काय बसवलंय ते बघू तरी."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिनं लावलं.

तिच्या संगीतात दार लागेपर्यंत काहीच नव्हतं. रस्ता आल्यावरही आधी नुसत्या गाड्या. मग त्या गोंगाटातून क्लॅरिनेटचे थोडेसे सूर वर यायचे, एक छोटी ओळ, आणि संपायचं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. एकदा झालं. त्यांनी बोटानंच पुन्हा, अशी खूण केली. दुसऱ्यांदा झालं.

"ही शीळ आहे," ते म्हणाले. "सुरुवातीला धाकटी कपडे वाळत घालताना वाजवते ती."

"हो."

"इतक्यांदा बघितला मी सिनेमा. इतक्यांदा! माझ्या कानावरून गेली." हे ते रागानंच म्हणाले, पण तिच्यावरच्या नव्हे. किल्ली खिशातच असून घरभर शोधणारा माणूस स्वतःवर चिडतो तसे. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी पडद्यावर टोकानं टकटक केलं. "शेवटचा सूर काढून टाक."

"अर्धवट वाटेल."

"थोरली पुरी कुठं गेलीय घरातून?"

तिनं तो सूर काढला आणि लावून पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला. मास्तरांनी नुसतं "हं" केलं आणि दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळून पडद्याकडं बघत राहिली.

काकू चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. ट्रे ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी मांडीवरचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला.

"कधी द्यायचंय त्यांना काम?" काकूंनी विचारलं.

भिंगरीनं तोंड उघडलं. मास्तर तिच्याआधी बोलले.

"अगं, तो सिनेमा मी भिंगरीला देऊन टाकला."

"देऊन टाकला?"

"मला झेपेना. डोळे शिणतात, पाठ धरते. मीच म्हटलं, कर बाई तू." त्यांचा हात कानामागं गेला, चाचपून परत आला.

खोटं बोलताना मास्तर कानामागची पेन्सिल चाचपतात, हे या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. आत्ता तर पेन्सिल तिथं नव्हतीच, दुसऱ्या हातात होती. काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. मग त्या भिंगरीकडं वळल्या.

"आणि तू घेतलास?"

जिन्यातल्या बोलण्यात पुष्कळ काय काय होतं. दुसऱ्या कुणालातरी मिळालाच असता हे होतं, इतकी वर्षं वाट पाहिली हे होतं, नाइलाज होता. त्यातलं काहीएक ओठांवर येईना.

"हो, काकू. घेतला."

काकूंनी दोघांच्या हातात कप दिले. तिच्याकडं त्या रागानं बघत नव्हत्या. तिला वाटलं, बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. मग त्या गेल्या, आणि जाताना त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

भिंगरीनं ते दार लागलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आतल्या बाजूला एक खुंटी होती, तिच्यावर मास्तरांची एक जुनी टोपी लटकत होती. दोघं त्या दाराकडं बघत बसली. पलीकडून ना भांड्याचा आवाज आला, ना नळाचा. चहावर साय धरली.

"बघ," मास्तर म्हणाले, "एवढा वेळ लागतो. त्यांनी माझं दार कापायला नको होतं."

"हो, मास्तर."

त्यांनी जमिनीवरचा गठ्ठा पायानं बाजूला सारला आणि खुर्ची लॅपटॉपच्या जवळ ओढली.

"हं," ते म्हणाले. "पुढचा प्रसंग लाव."