माझ्या घशातल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण म्हातारा म्हणाल तर खबरदार! अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी जुळणी झाली. तिथल्याच एका ऑफिसात चार वर्षं राबलो आणि गेल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, सुलक्षणाताईने मला मुलुंडला घरी आणलं. तिचे बाबा भाऊराव कोकणातल्या गाववाल्यांचं वधू-वर मंडळ चालवतात. वीस वर्षं सगळी स्थळं एका जाड वहीत होती. ताईने ती माझ्यात भरली.

दसऱ्यानंतर मेळावा ठरला. चारशे नावांतून जोड्या काढायच्या, एकच देवक असलेल्या वगळायच्या. आणि मी? एकेका जोडीला दोन-दोन मिनिटं! घशात काहीतरी खुपत होतं, पण सांगणार कसं? रविवारपर्यंत यादी निघाली नाही तर पुन्हा वही आणि हा डबा माळ्यावर, असं भाऊरावांनी बजावलं.

दुरुस्तीवाला मार्तंड म्हणाला, मेमरी वाढवा, पळेल. खरं सांगू? तो अर्धंच बोलला. मेमरी म्हणजे माझा स्वयंपाकाचा ओटा, फ्लॉपी म्हणजे फडताळ. ओटा एवढासा, म्हणून दर नावाला मी फडताळाकडे धावत होतो. ओटा वाढला की खेपा वाचतात, हात काही जास्त भराभर चालत नाहीत. आणि फडताळाचं दारच अडलं असेल तर?

शनिवारी सकाळी मार्तंडने मला उघडलं, मेमरीच्या नव्या चिप्स बसवल्या आणि सहज फ्लॉपीच्या फटीत, म्हणजे माझ्या घशात, चिमटा घातला. बाहेर काय आलं? कुंकू लागलेल्या अक्षता! दसऱ्याला पाटी-पुस्तकांबरोबर माझीही पूजा झाली होती ना. ताईला हसू आवरेना. भाऊराव मात्र खाली मान घालून म्हणाले, "मीच टाकल्या गं. म्हटलं, बिचारं आपल्या पोरांसाठी राबतंय, त्यालाही आशीर्वाद मिळू दे."

मला डबा म्हणणारा हाच तो माणूस! मला इतका आनंद झाला, काय सांगू.

ओटा मोठा, दारही मोकळं. दिवेलागणीला यादी छापून तयार होती. मेळाव्यात सात लग्नं ठरली, आणि माळ्यावर गेली ती वही.

तेव्हा मित्रांनो, यंत्र रखडलं तर मेमरी जरूर वाढवा, पण आधी त्याचा घसा बघा. दसऱ्याला मला हळद-कुंकू लावा, झेंडूचं फूल वाहा. अक्षता मात्र मी जुळवलेल्या जोड्यांवर टाका.