हिकोबाचा पहारा

हिकोबा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घाटावरचा कुठला तरी देव असेल. नावाच्या शेवटी 'बा' म्हटल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. पोरं लोळून हसली.

"काकी, देव नाय तो. कार्टूनमधला आहे, जपानी. एक नंबर हरामी."

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आमचं गाव कोपर स्टेशनपासून खाडीकडे उतरलं की लागतं. दर रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर ते कार्टून हिंदीत लागायचं. त्यात एक पांढऱ्या तोंडाचा दुष्ट राजा होता, त्याच्या मागावर एक राजपुत्र होता, आणि राजाचा एका हाताचा सरदार होता, तोच हिकोबा. राजाने बोट दाखवलं की हिकोबा गाव जाळायचा. जाळताना त्याच्या तोंडावर राग नसे, मजाही नसे. पोरांना राजापेक्षा त्याचीच चीड जास्त.

आमच्याही गावात असा एकजण होता, दामाजी. गावचे पाटील बाबुराव, त्यांचा माणूस. खाडीकाठची निम्मी जमीन बाबुरावांच्या नावावर, आणि तिथे आता बिल्डिंगी उठत होत्या. ज्याचं घर मध्ये येई, त्याच्या दारात दामाजी पहार घेऊन उभा राही. सख्ख्या चुलत्याच्या भिंतीवर पहिला घाव त्यानेच घातला होता. गावाने त्याच्याकडचं हळदीकुंकू बंद केलं, बारशाला बोलावणं बंद केलं. त्याला हिकोबा हे नाव पोरांनी ठेवलं असं सगळे म्हणतात. ते मी ठेवलं. नळावर एकदा सहज बोलून गेले, बायका हसल्या, आणि चार दिवसांत गावभर झालं.

दामाजीची मुलगी शालू तेव्हा दहा वर्षांची. तिला शाळेत 'हिकोबाची पोर' म्हणत. ती रडत नसे, भांडत असे. आणि भांडण बापासाठी नव्हे, त्या कार्टूनमधल्या हिकोबासाठी.

"तुम्ही कोणी तो भाग बघितलाच नाय," ती म्हणायची. "त्या रविवारी गावात लाइट गेलेली. मी ठाण्याला आत्याकडे होती, मी बघितला."

"काय दाखवलं गं?" मी एकदा विचारलं. पापड लाटत होते, सहज विचारलं.

"तो लहान असतो. बर्फ पडत असतो, त्याचं कोणी नसतं. तो एका घराचं दार वाजवतो. आतल्या बाईला ऐकू जातं, पण ती उघडत नाय. मग राजा येतो आणि स्वतःची शाल त्याच्यावर घालतो. म्हणून तो राजाचं ऐकतो, काकी. राजा वाईट आहे ते त्याला कळतं. सगळ्यात आधी त्यालाच कळतं."

"उगाच रचून सांगू नकोस," मी म्हणाले. "ऊठ, पिठावर पाय पडेल."

तिने एकदा माझ्याकडे टक लावून बघितलं आणि उठून गेली. त्या दिवशीचा एकही पापड गोल झाला नाही.

त्या वर्षी सप्ताहाच्या आधी दामाजी आमच्या दारात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला. माझे मालक, परशुराम, ओट्यावर जाळं विणत होते.

"दादा, काल्याचं कीर्तन झालं की मंगळवारी घर मोकळं करा. बिल्डिंगचा रस्ता इथून जातो. सातबारा बाबुशेठच्या नावावर आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," मालक म्हणाले. बस, एवढंच. जाळ्याची गाठ मारून घेतली.

तो गेल्यावर मी पेटले. "सांगा त्याला. नाहीतर मी सांगते."

"मंजुळा, बोलायचं नाही. केलेलं बोललं की ते देवाजवळ राहत नाही."

हे त्यांनी कुठल्याशा बुवांच्या कीर्तनात ऐकलं होतं आणि बत्तीस वर्षं जपलं होतं. मीही ऐकलं होतं, त्यांच्या शेजारीच बसून. बाबुराव सांगत फिरायचे की मिठागराच्या बांधावरून भरतीच्या पाण्यात पडलेल्या सात वर्षांच्या पोरक्या दामाजीला त्यांनी बाहेर काढलं. खोटं होतं ते. उडी माझ्या नवऱ्याने मारली होती. पोराच्या अंगावर घातलेला सदराही त्यांचाच होता. बाबुराव बांधावर कोरडे उभे होते. ज्या माणसाने जीव वाचवला त्याचंच घर दामाजी पाडायला निघाला होता, आणि ते थांबवायला माझ्याकडे फक्त हे एक वाक्य होतं. नवऱ्याच्या पुण्याईपुढे मी तोंड मिटून बसले.

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात. देवळाच्या फळ्यावर खडूने पहाऱ्याचे नंबर लिहिलेले असतात. रविवारी सकाळी सहा ते आठ दामाजी, आठ ते दहा बाबुराव. दामाजीला नंबर मिळाला तो बाबुरावांच्या शब्दामुळे. नाहीतर त्याच्या हातून वीणा घ्यायला कोण पाया पडणार होतं?

आठ वाजले, बाबुराव आले नाहीत. साडेआठला निरोप आला: बिल्डर आलाय, साइटवर जाऊन येतो, दामाजीला म्हणावं उभा राहा.

दामाजी उभा राहिला. तारा छेडत, रामकृष्ण हरी म्हणत. देवळात पंधरावीस पुरुष होते, ज्ञानेश्वरीचं पारायण चाललं होतं. कोणी उठलं नाही.

"घ्या की रे कोणीतरी," मी म्हटलं.

"बाबुरावांचा नंबर आहे," आमचे टाळकरी काळुराम पान लावत म्हणाले. "दुसऱ्याच्या नंबराला हात कसा लावायचा? आणि तो तर इमानी माणूस. उभा राहील."

दोघंतिघं हसले. दामाजीनेही ऐकलं. तारेवरचं बोट थांबलं नाही.

नऊ वाजले. गावातली पोरं टीव्हीकडे पळाली, त्या कार्टूनचा शेवटचा भाग होता. शालू गेली नाही. ती तांब्याभर पाणी घेऊन बापाच्या पायाशी बसली. पाणी त्याला पाजता येत होतं, पण वीणा तिला घेता येत नव्हती. आमच्याकडे बायकांच्या गळ्यात ती देत नाहीत.

साडेनऊला पोरं परत आली, थेट तिच्याकडे.

"शालू, मेला तुझा हिकोबा. पुलावर एकटाच उभा होता, राजाला पळायला वेळ मिळावा म्हणून. आणि राजा कधीच दुसऱ्या वाटेने गेलेला. बाण लागले तरी हा उभाच. आम्ही टाळ्या वाजवल्या."

शालू तांब्यात बघत राहिली.

अकरा वाजले. दहाच्या नंबरवाल्यानेही 'मी बाबुरावांकडून घेणार' म्हणून पाठ फिरवली होती. दामाजीचे पाय सुजले होते, मानेवर दोरीचा वळ उठला होता. मला वाटलं, हीच वेळ. दया नव्हती ती. देवासमोर उभी राहून खोटं बोलत नाही मी. माणूस दमलाय, आता वाक्य लागेल, घर वाचेल, असा हिशेब होता माझा.

जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "ज्याच्यासाठी उभा आहेस त्याने तुला काढलं नाही. माझ्या माणसाने काढलं. तो सदरा आमच्या घरचा होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तारा छेडत राहिला.

"माहीत आहे, वहिनी. सदऱ्याला मच्छीचा वास होता. बाबुशेठच्या सदऱ्याला कुठून येणार?"

"मग?"

"सदरा परत द्यायला मी तुमच्याकडे आलो होतो. तीन दिवस तुमच्या ओट्यावर बसलो. आठवतं? दादा वसईला गेले होते. तुम्ही नवीन लग्नाच्या. आतून म्हणालात, इथे पेज दोघांपुरतीच असते, पाटलाच्या दारात जा. मी गेलो. त्यांनी भात वाढला." तो थांबला, ओठ कोरडे पडले होते. "काढलं दादांनी. ठेवून घेतलं बाबुशेठनी. शेठ कसा आहे ते मला गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण मला दुसरं दार दाखवलं कोणी? तुम्हीच दाखवलंत ते एक."

शालूने मान वर केली. पापडाच्या दिवशी बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं.

मी घरी गेले. मालक जाळं विणत होते. "बत्तीस वर्षांपूर्वी मी तुमच्यापासून एक लपवलं," मी म्हणाले, आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जाळं खाली ठेवलं, हातपाय धुतले, देवळात आले. सगळे बघत असताना दामाजीच्या पाया पडले. दामाजीला वाकता येईना, तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरून आपल्या पायाला लावला आणि वीणा गळ्यात घेतली. बारा वाजायला आले होते. बाबुराव दुपारी एक वाजता आले, कपाळाला बुक्का लावून घेतला, म्हणाले, "अरे, झालं का?"

मला वाटलं, आता तो आमचं घर पाडणार नाही. कीर्तनात असंच होतं. पाषाण पाझरतो, बुवा डोळे पुसतात, टाळ वाजतात. सोमवारी काल्याच्या कीर्तनात मी मनापासून रडले, आणि भांडी बांधली नाहीत.

मंगळवारी सकाळी दामाजी आला. चपला बाहेर काढल्या. आत येऊन आधी देव्हारा उचलला, छातीशी धरून बाहेर नेला, पिंपळाच्या पारावर ठेवला. मग तुळस नेली. मग माझी भांडी एकेक करून नेली, एकही वाजू दिलं नाही.

मालक बाजूला उभे होते. "दामाजी, ओट्यापासून सुरू कर," ते म्हणाले. "तिथून सोपं जाईल."

"हो दादा," तो म्हणाला, आणि पहिला घाव ओट्यावर घातला.