नंदी आणि उंबऱ्याच्या मधली जागा

"पडली! सुई पडली!"

अख्ख्या हिवरदरीनं एकदम श्वास ओढला. महादेवाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बाया कट्ट्यावर, पोरं लिंबाच्या फांद्यांवर, म्हातारे भिंतीला टेकून. देवळाच्या उंबऱ्यावर पाट, पाटावर कलत्या ठेवलेल्या काळ्या काचांची तबकडी, तिला तारेनं जोडलेला डबा आणि डब्यावर ती सुई. सुईसमोर हात जोडून बायनाबाई उभी होती.

बायनाबाई म्हणजे लिंबाजीची माय.

लिंबाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. किशनराव पाटील पाया पडले, सुई हलली नाही. पाटलाचा पुतण्या भुजंग पाया पडला, सुई ताठ. आळीच्या आळी पाया पडल्या, सुई उभीच. माय पुढं गेली आणि सुई पाय मोडलेल्या शेरडासारखी खाली बसली.

"बाबा बोलेगा तो सुई डोलेगा!" तेजबाबा किंचाळला. भगवी कफनी, डोळ्यांत काजळ, बोटाबोटात अंगठी. "जिच्या पोटात काळं, तिच्याम्होरं देव डोळं मिटतो! ओम तेजाय, वीजाय, फटफटाय नमः!"

फटफटाय हा मंत्र कुठल्या वेदातला, असं कुणी विचारलं नाही. विचारायची ती वेळच नव्हती. गेल्या महिन्यात विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हाच्या दंगलीत गावानं बाहेर काढलेल्या काठ्या अजून दाराआडच उभ्या होत्या. हाताला मारायची सवय ताजी होती, फक्त पाठ कुणाची ते ठरायचं होतं.

आता ते ठरलं.

*

मागचं थोडक्यातच सांगतो, कारण तिकडं पहिली काठी उचलली गेली आहे.

लिंबाजीची बायको कमल संक्रांतीपासून मधूनच ताठ व्हायची. दात लागायचे, फेस यायचा आणि शुद्धीवर येताना घशातून भुंकल्यासारखा आवाज निघायचा. हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, "लिंबाजी, हे झटके आहेत. परभणीला दवाखान्यात न्या." शेजार म्हणाला, "भानामती हाय." लिंबाजीनं शेजाऱ्यांचं ऐकलं, आणि किशनरावांनी बाबा आणवला.

बाबानं काय केलं? कापूस वेचून झालेल्या रानातल्या पऱ्हाट्या मागवल्या. मडक्यात कोंबून, तोंड मातीनं लिंपून जाळल्या. आतून निघाला तो काळाकुट्ट कोळसा कुटून त्यानं एका काचेवर माखला आणि त्याला 'अंगारा' म्हटलं. दुसऱ्या काचेवर पांढरा थर होता. त्यावर जास्वंदीचा रस पाजून 'देवाला कुंकू लावलं' म्हणाला. दोन्ही काचा एकमेकींवर दाबल्या, फटीत तपकिरी तीर्थ सोडलं आणि तबकडी उन्हात ठेवली. सुई वर चढली.

पऱ्हाटी आपल्या रानातली, फूल आपल्या परसातलं, देव आपला. गावाचा विश्वास बसला नसता तरच नवल.

*

मार. मार. अजून मार.

बायनाबाईला नंदीपासून ओढत लिंबाच्या बुडाशी नेलं. भुजंगनं केस धरले होते. बाईच्या पाठीवर चाबकाची वादी बसत होती आणि बाई ओरडत नव्हती. ती फक्त "लिंबाजी, लिंबाजी" म्हणत होती, लहानपणी जेवायला हाक मारायची तशी. ते ऐकवत नव्हतं. विमलबाई कट्ट्यावरून खाली उतरायला निघाल्या, तेव्हा चौघींनी त्यांना धरून ठेवलं.

"बाई, तुमी मधी पडू नका. तुमाला बी लागंल."

"सोडा मला! ती मरेल!"

"मरंना का. माझी गाय आटली ती हिच्यामुळंच," बाईंचा दंड धरलेली धुरपताबाई दातओठ खात म्हणाली.

बाबा उंबऱ्यावरून उतरला. "मंत्र दातांतून फुटतो. म्होरचे दात काढा, मंत्र बंद."

भुजंगनं दगड उचलला. आवाज अगदी बारीक झाला, सुपारी फुटावी एवढाच. बायनाबाईच्या हनुवटीवरून रगत लुगड्यावर आलं.

"बाकीचे पोटच्या पोरानं काढायचे," बाबा म्हणाला. "दुसऱ्यानं काढले तर त्याच्यावर उलटंल."

किशनरावांनी लिंबाजीच्या हातात पकड दिली. बैलगाडीचे खिळे उपसायची पकड. "घे रे लिंब्या. बायको पाह्यजे का न्हाई तुला?"

लिंबाजीला बायको पाहिजे होती. काल रात्री त्यानं तिची जीभ तुटू नये म्हणून तिच्या दातांत आपलं बोट घातलं होतं; बोट अजून सुजलेलं होतं. तो मायकडं निघाला. मायनं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. ओरडण्यासाठी नाही. पकड नीट बसावी म्हणून, लेकराला सोपं जावं म्हणून.

लिंबाजीच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तो गर्रकन वळला आणि बाबाच्या अंगावर धावला.

बाबा बाजूनं मागं सरकत उंबऱ्यापाशी गेला. लिंबाजी सरळ त्याच्यामागं घुसला, नंदी आणि देव यांच्या मधून. गाव ओरडलं. त्या जागेत कुणी उभं राहत नसतं. दर्शन घ्यायचं ते बाजूनं, नंदीच्या शिंगांतून, वाकून. मधी उभं राहणं म्हणजे महादेवाची नजर अडवणं. आजवर कुणी आपणहून अडवली नव्हती.

"सुई!" फांदीवरून कुणीतरी ओरडलं. "लिंब्याम्होरं बी सुई पडली!"

*

तोच प्रसंग आता सूर्याच्या बाजूनं.

देऊळ पूर्वाभिमुख. सकाळचं ऊन. सूर्य बुटक्या नंदीच्या मागं, नंदीचं तोंड देवाकडं, उंबऱ्यावरच्या काचा नंदीकडं कललेल्या. सूर्याला सरळ काचा दिसतात.

किशनराव येतो, बाजूनं वाकतो. काचांवर ऊन.

भुजंग येतो, बाजूनं वाकतो. काचांवर ऊन.

बाबा म्हणतो, "बायनाबाई, तू मधी उभी राहा. देवाच्या नजरंत." बाई घाबरत मधे येते. काचांवर सावली.

एवढंच. बाकी सगळं माणसांनी केलं.

*

लिंबाजीला हे एका दमात कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की सुई पडली, आणि त्यानं काही चेटूक केलेलं नव्हतं. तो एक पाऊल बाजूला झाला. सुई चढली. पुन्हा मधे आला. पडली.

"मी बी चेटक्या हाय का?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हाय का, बाबा?"

"हिनं पोराला बी बाधवलं! धरा त्याला!"

काठ्या वळल्या. लिंबाजीनं पकड उगारली आणि दुसऱ्या हातानं बाबाची कफनी धरून त्याला काचांपुढं ओढलं. बाबाची सावली पडली. सुई पडली.

"ह्यो बी चेटक्या! किशनराव, आता तुमी या इथं!"

"मधी? नंदीच्या मधी?" पाटील एक पाऊल मागं सरले. "मी न्हाई येत."

तोवर विमलबाई धापा टाकत तिथं पोचल्या होत्या. त्यांच्या बाहीवर नखांचे ओरखडे होते. त्या सरळ मधे उभ्या राहिल्या. सुई पडली. मग बाजूला होऊन त्यांनी डोक्यावरचा पदर नुसता काचांवर आडवा धरला. सुई पडली. पदर काढला, चढली.

"पदर चेटकीण आहे का, धुरपताबाई? सांगा ना!"

बाईंनी तबकडी उचलून हुंगली. "हे तीर्थ नाही. जखमेवर लावतात ते टिंक्चर आयोडीन आहे. वास घ्या." किशनरावांच्या नाकाशी त्यांनी काच धरली. "फुलाचा रंग ऊन शोषतो, त्यातून वीज सुटते. पांढरा थर ती पकडतो, कोळसा तिचा फेरा पूर्ण करतो. पऱ्हाटीच्या कोळशाचा हा खरा उपयोग आहे. परदेशात शास्त्रज्ञ असल्या काचांवर काम करतायत, मी मासिकात वाचलं होतं. ऊन असलं की वीज, सावली आली की बंद. सुई देवाची नाही, रेडिओच्या दुकानातली आहे. बोल रे, कुठं शिकलास?"

"लॅबमधी," बाबा पुटपुटला. आवाजातली आरोळी गेली होती. "काचा धुवायला होतो. मारू नका, साब."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गावाच्या हातात काठ्या होत्याच. भुजंगनं तोच दगड पुन्हा उचलला. "धरा रे ह्येला! ह्याचेच दात काढू!" आणि तीच माणसं, त्याच जोरानं, बाबावर तुटून पडली. विमलबाई ओरडत होत्या, "थांबा! पोलिसांकडं द्या त्याला!" त्यांचा आवाज काठ्यांत बुडाला.

"लिंबाजी."

बायनाबाई लिंबाच्या खोडाला धरून उभी राहिली होती. तोंडातलं रगत थुंकून ती मोठ्यानं बोलली, फुटक्या ओठांतून, प्रत्येक शब्द तोडत.

"त्याला सोडा. तो परका हाय. त्यानं नुसतं बोट दावलं." तिनं भुजंगकडं पाहिलं, मग धुरपताबाईकडं. "मारलं कुणी?"

काठ्या थांबल्या. लिंबाजी मायजवळ गेला, तिला उचलायला वाकला.

"मला नगं धरू," ती म्हणाली. "कमलला धर. गाडी जुप. दोघींला परभणीला ने."

लिंबाजीनं बैल जुंपले. बाबाला चावडीत कोंडून पोलिसांना निरोप गेला. पुढं कमलचे झटके गोळ्यांनी थांबले. मायचा दात काही आला नाही.

वाचकहो, तुमच्याही गावात कुणी येईल. काच नसेल, नारळ असेल, विभूती असेल, पेटलेला कापूर असेल. तो हात जोडायला लावील आणि जिथं उभं राहायची मनाई असते तिथं कुणा एकाला उभं करील. हात जोडण्याआधी तिथं जाऊन उभे राहा. आणि काठी कुणाच्याही पाठीवर पडण्याआधी, मेहेरबानी करून, एवढं एकदा विचारा: ऊन कुठून येतंय?