सहाशे वॅट

"बाई, कॉइल खराब नाही," म्हणत देवसिंग स्टुलावरून उतरला आणि माझा उरलासुरला धीर सुटला. खराब असती तर बदलता आली असती.

बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली प्रेरणाची मुलगी होती. दिवस भरण्याआधीच, पहाटे झालेली, ओंजळीत मावेल एवढी. प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. रक्त इतकं गेलं होतं की तिचेच हातपाय गार पडलेले, तिच्या छातीशी बाळ देऊन उपयोग नव्हता. डॉक्टर यवतमाळला मीटिंगला, दवाखान्यात मी एकटी नर्स. दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली, ती दुपारशिवाय येत नव्हती. पौषाची थंडी. मी पोरीला कापसात गुंडाळलं. कापसाला आमच्या गावात तोटा नाही, भाव नाही एवढंच.

देवसिंग आमचा लाइनमन. तांड्यावरचा. उभा जन्म खांबावर गेला, आता गुडघे बोलत होते, तरी चढायचा. लाईट गेली की अख्खं गाव त्याच्या मायबापाचा उद्धार करायचं, आली की कोणी साधा रामराम करत नसे. मीही त्यातलीच. त्या दिवशी सकाळीच त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले होते.

त्यानं मीटर लावून आकडे पेनानं तळहातावर लिहिले आणि हात माझ्यापुढे धरला.

"दाब दोनशे तीस व्होल्ट पायजे, हाय एकशे पंधरा. करंट एक पॉइंट तीन. भागून पाहा, अठ्ठ्याऐंशी ओम येते. म्हंजे कॉइल बरोबर हाय. आता गुणून पाहा."

गुणलं. दीडशे.

"सहाशे वॅटचा वॉर्मर हाय, बाई. दाब अर्धा झाला का करंटबी अर्धा होते. अर्ध्याचं अर्धं. पोरीले पावच ऊब भेटून राह्यली."

दाब कुठे गेला ते विचारायची गरज नव्हती. दवाखाना आणि शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, त्यात दवाखाना लाइनीच्या पार शेवटाला. वेचणीनंतर राखलेल्या फरदडीच्या कपाशीला, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. लाईटचा भरवसा नाही म्हणून प्रत्येकानं मोटारीला ऑटो बसवलेला. माणूस घरी झोपलेला का असेना, लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. साऱ्यांच्या एकदम. मग कोणाचंच पाणी धड चढत नाही, मोटारी जळतात, पण ऑटो कोणी काढत नाही. डीपीच बंद करावी तर वॉर्मरही बंद.

व्हरांड्यात प्रेरणाचे वडील, भगवानराव, डोकं धरून बसले होते. काय लागंल ते सांगा, रक्त देतो, जमीन विकतो, असं मला चारदा सांगून झालेलं.

देवसिंग त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "मालक, तुमची मोटर?"

"ऑटोवर हाय," ते सवयीनं म्हणाले. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. अनवाणीच शेताकडे पळाले बिचारे.

भिंतीवरच्या व्होल्टमीटरचा काटा दहाएक व्होल्ट वर आला. देवसिंग म्हणाला, बाकीच्यांना सांगून येतो. सायकल काढली आणि बांधाबांधानं निघाला. नंतर त्यानंच सांगितलं, कोणी नाही म्हणालं नाही. फक्त जो तो म्हणाला, शेजाऱ्याची बंद कर, मग मी करतो. मी एकट्यानं बंद केली तर पोरगी थोडीच वाचते? काहींनी त्याच्यासमोर बंद केली आणि त्याची पाठ वळताच सुरू केली. मी इथे काट्याकडे बघत होते. चढायचा, पुन्हा पडायचा. पोरीचे तळपाय चोळून चोळून माझी बोटं दुखायला लागली.

काटा एकशे साठावर असताना तिचा श्वास थांबला. मी बराच वेळ चोळतच राहिले.

गाव वाईट नाही हो. बातमी कळली तशी बायकांनी चुली विझवल्या. भगवानरावांची नात म्हणून माणसं शेतं सोडून आली, आणि येताना एकेकानं आपली मोटर बंद केली. मयतीच्या दिवशी शेताला पाणी ओलायचं नाही, ही इथली रीत. ऑटोसुद्धा बंद. सगळे नदीकडे मातीला गेले.

मी प्रेरणाजवळ बसून होते. देवसिंग परत आला, पँटीला कुसळं चिकटलेली. खोलीत लालभडक उजेड पडला होता. वॉर्मर बंद करायचं मी विसरले होते. रिकाम्या ट्रेवर कॉइल नुसती रसरसत होती. इतकी लाल मी कधीच पाहिली नव्हती.

त्यानं सवयीनं मीटर लावलं. तळहात बघितला, सकाळचे आकडे घामानं पुसट झालेले. नवे लिहिले नाहीत.

"भरले, बाई," तो हळूच म्हणाला. "सहाशे."

मग त्यानं हात लांब करून बटण बंद केलं आणि कॉइल काळी पडेपर्यंत तिथंच उभा राहिला.