पत्र्याखालचा नर वेल

ज्या वर्षी श्रीकांतचं लग्न झालं, म्हणजे दोन हजार एक साली, त्या वर्षी त्याची आई अनसूयाबाई यांनी मला भंडाऱ्याकडच्या माहेराहून रुमालात बांधून जबलपूरला आणलं आणि तिथल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरामागे लावलं. मी काटवलाचा, म्हणजे करटोलीचा, एक जुना नर वेल आहे. हिवाळ्यात वरून वाळतो, पण मातीत माझा कंद जिवंत असतो. पावसाळा आला की पुन्हा उगवतो.

मित्रांनो, काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. काटेरी हिरवी फळं तिला लागतात. मला नुसती पिवळी फुलं. म्हणून लोक मला बिनकामाचा समजतात. अनसूयाबाई मात्र रोज पहाटे माझं फूल तोडून मादीच्या फुलावर अलगद घासायच्या. म्हणायच्या, "चला नवरदेव, उशीर झाला. नवरी तोंड मिटून घेईल." विड्याच्या पानाला लावायच्या चुन्याची निवळी त्या आठवड्यातून एकदा माझ्या मुळाशी घालायच्या.

त्या चुन्याचं काम काय, ते त्यांची नात चिन्मयी कॉलेजात शिकली. कळी मोहरीएवढी असते, तेव्हाच आत परागकण घडू लागतात. त्यांच्याभोवती पेशींचा एक थर असतो. तो त्यांना खाऊ घालतो, आणि वेळ आली की स्वतः विरून जातो. ती वेळ कोण सांगतं? चुन्यातलं कॅल्शियम निरोप नेतं आणि काही प्रथिनं तो निरोप ओळखतात. निरोप चुकला, थर अवेळी विरला, की कण पोकळ राहतो. पुढे मादीच्या फुलावर कणाला नळी फुटते, तिलाही वाट कॅल्शियमच दाखवतं. पण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी नाही, तर निरोपही नाही.

गेल्या उन्हाळ्यात श्रीकांतनं स्कूटरसाठी पत्र्याचं शेड घातलं. माझं मूळ नेमकं त्याखाली आलं, मादीचं बाहेर उघड्यावर राहिलं. जुलैत अनसूयाबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अन्न जाईना. एकच मागत होत्या, "आपल्या वेलाचं काटवल दे. दुसरं काही नको."

खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

"श्रीकांत, नराला पाणी घातलं काय?"

"अव आई, आभाळ फाटून राहिलं. त्याला काय वेगळं घालू?"

"मुळाशी हात लावून पाहून ये ना रे."

"अच्छा, पाहतो," तो म्हणायचा आणि बाजारातून काटवलं घेऊन यायचा. आई एका घासात ओळखायची. "हे आपलं नाही," म्हणून ताट सरकवायची.

आभाळ फाटलं होतं, पण माझ्या मुळाशी धूळ होती. वरची पानं पावसात भिजून हिरवी दिसायची. आत कळ्यांत कण पोकळ होत होते. मला ते कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

चिन्मयी पहाटे आजीसारखीच फुलं घासायची. मादीवर इवली फळं दिसायची, चार दिवसांत पिवळी होऊन गळायची. शेवटी ऑगस्टच्या मध्याला तिनं माझे पराग कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सगळे पोकळ. परत आली ती थेट शेडखाली. माती बोटांनी उकरली.

"बाबा, इथे तर सूखा पडलाय!"

श्रीकांत माझ्याजवळ खाली बसला. "हा फळत नाही ना, म्हणून मी पाहिलंच नाही," म्हणाला. मग त्यानं बादलीभर पाणी घातलं. चिन्मयीनं निवळी घातली. पण घडलेल्या कळ्या मला पुन्हा घडवता येत नाहीत. नव्या कळ्यांना दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी नुसती वाट पाहिली, आणि खिडकीतला आवाज बारीक होत गेला.

सप्टेंबर लागला तेव्हा माझ्या फुलांत भरलेले पराग होते. मादीवर एक फळ धरलं. ते गळलं नाही.

मित्रांनो, पान हिरवं दिसलं म्हणून थांबू नका. जो फळ देत नाही, त्याच्याही मुळाशी हात लावून पाहा, आणि कळी घडण्याआधी पाहा. आम्हाला हाक मारता येत नाही.

ते फळ जेमतेम अंगठ्याएवढं झालं होतं, अजून तोडलं नव्हतं. अनसूयाबाई नऊ सप्टेंबर दोन हजार पंचवीस, मंगळवारी सकाळी वारल्या.